‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हणजे नक्की किती टक्के? १९५१ च्या युगोस्लाव्हिया अंदाजाचे प्रकरण

२० मार्च १९५१ रोजी अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने एक राष्ट्रीय गुप्तचर अंदाज काढला. क्रमांक २९-५१. विषय असा की, १९५१ सालात युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची संभाव्यता किती. शीर्षकात ‘प्रॉबॅबिलिटी’ हा शब्द ठळकपणे होता. निष्कर्षात मात्र तो नव्हता. क्रेमलिन कोणता मार्ग धरेल हे ठरवणे अशक्य आहे, अशी सुरुवात करून पुढे म्हटले होते की, सोव्हिएत गोटातल्या देशांची लष्करी आणि प्रचाराची तयारी पाहता १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानली जावी.

हे वाक्य अंदाज तपासणाऱ्या मंडळाने, म्हणजे बोर्डाने, एकमताने मंजूर केले होते. वाचायलाही ते खणखणीत वाटते. घोटाळा काही दिवसांनी बाहेर आला, आणि तोही सहज चाललेल्या गप्पांतून.

पार्श्वभूमी

जून १९४८ मध्ये कॉमिनफॉर्मने, म्हणजे मॉस्कोच्या वर्चस्वाखालच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याच्या पक्षाला बाहेर काढले. तेव्हापासून हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया या शेजाऱ्यांशी युगोस्लाव्हियाचे संबंध बिघडले होते. त्यात जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, त्यामुळे ‘मॉस्को आपल्या गोटातल्या देशाला पुढे करून हल्ला घडवून आणते’ ही केवळ कल्पना राहिली नव्हती. टिटोला मदत द्यायची का, किती, आणि कधी, हे प्रश्न वॉशिंग्टनच्या टेबलावर होते. अंदाज मागवला गेला तो या निर्णयांसाठी.

अंदाज लिहिणारी कचेरी नवी होती. सीआयए या गुप्तचर संस्थेचे ऑफिस ऑफ नॅशनल एस्टिमेट्स १९५० च्या अखेरीस सुरू झाले. विल्यम लँगर प्रमुख, आणि येल विद्यापीठात इतिहास शिकवणारे शर्मन केंट त्यांचे सहायक. १९५२ मध्ये केंट प्रमुख झाले आणि १९६७ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. मसुदा कर्मचाऱ्यांनी लिहायचा, बोर्डाने त्यावर वाद घालायचा, मग इतर गुप्तचर खात्यांच्या प्रतिनिधींसमोर शब्दन् शब्द घासून घ्यायचा, अशी पद्धत होती. ज्याने कधी समितीत बसून ठरावाचा मसुदा केला आहे, त्याला पुढे काय होते ते सांगायला नको. ज्या शब्दावर कोणीच हरकत घेत नाही, तोच शेवटी कागदावर उरतो.

काय घडले

अंदाज वाटला गेल्यानंतर परराष्ट्र खात्याच्या धोरण नियोजन विभागाच्या प्रमुखांनी केंट यांना विचारले, ‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हणजे तुम्हा लोकांच्या मनात काय प्रमाण होते? केंट म्हणाले, माझे स्वतःचे मत जरा काळजीचेच आहे. हल्ला होण्याच्या बाजूने साधारण ६५ विरुद्ध ३५. प्रमुख चमकले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांचा अर्थ याहून पुष्कळ कमी लावला होता.

केंट यांनी परत येऊन बोर्डातल्या सहकाऱ्यांना एकेकट्याला विचारले की, हा शब्दप्रयोग मान्य करताना तुमच्या डोक्यात कोणता आकडा होता? सगळ्यात कमी धरणाऱ्याच्या डोक्यात २० विरुद्ध ८० होते. सगळ्यात जास्त धरणाऱ्याच्या, ८० विरुद्ध २०. बाकीचे मध्ये पसरलेले.

टक्क्यांत हा ६० गुणांचा फरक. पैजेच्या भाषेत तो आणखी मोठा दिसतो. ८० विरुद्ध २० म्हणजे चारास एक, २० विरुद्ध ८० म्हणजे एकास चार. दोन टोकांत सोळा पटींचे अंतर, आणि खाली सर्वांची संमती. वाचणाऱ्याने चुकीचे वाचले हा दोष फार तर दुय्यम. पहिला दोष असा की लिहिणाऱ्यांचेच एकमत झाले नव्हते, आणि शब्दाने ते झाल्याचा आभास निर्माण केला. या प्रकरणाचा उल्लेख बहुतेक वेळा ‘वाचकाचा गैरसमज’ म्हणून होतो. तो अर्धवट उल्लेख आहे.

वाक्याची चिरफाड

त्या वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

‘पॉसिबिलिटी’ हा शब्द फक्त एवढेच सांगतो की, गोष्ट अशक्य नाही. शून्याच्या वर काहीही त्यात बसते, एक टक्काही आणि नव्वद टक्केही. प्रमाण सांगायचे काम तो करतच नाही. शीर्षकाने विचारले ‘किती संभव आहे’, आणि निष्कर्षाने उत्तर दिले ‘संभव आहे’.

‘सीरियस’ हे विशेषण प्रमाणाला लागलेले दिसते, पण वाचकाच्या मनात ते परिणामाला चिकटते. युरोपात युद्ध पेटणे गंभीर आहेच. त्याची शक्यता पाच टक्के असली तरी ती ‘सीरियस’. ज्याने परिणामाकडे पाहून वाचले त्याने कमी आकडा धरला, ज्याने प्रमाणाकडे पाहून वाचले त्याने जास्त. दोघेही व्याकरणाने बरोबर.

‘मानली जावी’ हा तर अंदाज नाहीच. तो सल्ला आहे. अंदाज सांगतो काय होईल. सल्ला सांगतो तुम्ही काय करा. दोन्ही एका क्रियापदात कोंबले की वाचणारा अधिकारी आपल्या सोयीचे उचलतो.

आणि सुरुवातीचे ‘ठरवणे अशक्य आहे’ हे सगळ्यावर पांघरूण. हल्ला झाला तर ‘आम्ही म्हटलेच होते’, नाही झाला तर ‘अशक्य आहे असे आधीच लिहिले होते’. यात लबाडी होती असे म्हणण्याचे कारण नाही. केंट यांनी स्वतःच ही गोष्ट नंतर उघडपणे लिहिली. पण वाक्य असे असते की त्याची परीक्षाच घेता येत नाही.

निर्णय घेणाऱ्याच्या अंगाने पाहू. समजा, मदत पाठवण्याचा खर्च ३ एकक आहे, आणि हल्ला झाला व तयारी नसली तर नुकसान १० एकक. मग हल्ल्याची संभाव्यता ३० टक्क्यांच्या वर असेल तर मदत पाठवणे परवडते, खाली असेल तर नाही. आकडे कल्पित आहेत, हिशेब मात्र खरा. २० वाल्याचे ऐकले तर मदत नको, ८० वाल्याचे ऐकले तर तातडीने. मंजूर झालेले वाक्य या दोहोंतले काहीही सांगत नाही. उंबरठा कुठे आहे हे वाचकाला माहीत असते, पण आपण त्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हेच त्याला कळत नाही.

केंट यांचा तक्ता

केंट यांनी शब्दांना आकडे बांधून दिले आणि १९६४ मध्ये सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला. तक्ता असा:

- ‘ऑलमोस्ट सर्टन’: ९३ टक्के, सुमारे ६ ने कमीजास्त
- ‘प्रॉबेबल’: ७५, सुमारे १२ ने कमीजास्त
- ‘चान्सेस अबाउट ईव्हन’: ५०, सुमारे १० ने कमीजास्त
- ‘प्रॉबेबली नॉट’: ३०, सुमारे १० ने कमीजास्त
- ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’: ७, सुमारे ५ ने कमीजास्त

वर १०० टक्के खात्री, खाली शून्य. ‘लाइकली’, ‘वी बिलीव्ह’, ‘वी एस्टिमेट’ हे सगळे ‘प्रॉबेबल’च्याच घरात. ‘पॉसिबल’ला तक्त्यात जागा नाही, आणि त्याला विशेषण लावायचेच नाही असा त्यांचा आग्रह. ‘गुड पॉसिबिलिटी’, ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’, ‘सीरियस पॉसिबिलिटी’ सगळे बाद. ज्याला माप नाही त्याला ‘मोठे’ कसे म्हणणार?

तक्ता बारकाईने पाहिला तर काही गोष्टी खटकतात. ‘प्रॉबेबल’ ६३ ला सुरू होते आणि ‘ईव्हन’ ६० ला संपते. मधले तीन टक्के बेवारस. १२ ते २० ही फट त्याहून मोठी. आणि दोन्ही बाजू सारख्या नाहीत, ७५ च्या समोर २५ नसून ३० आहे. ही विषमता चालण्यासारखी आहे, कारण बोलताना आपण ‘बहुधा नाही’ हे ‘बहुधा’पेक्षा जरा सैलच वापरतो.

खात्यात सगळ्यांना हे रुचले नाही. केंट यांनी दोन तट सांगितले आहेत, आकड्यांच्या बाजूचे गणिती आणि नुसत्या शब्दांच्या बाजूचे कवी. आपली कचेरी शहरातला सगळ्यात मोठा सट्ट्याचा अड्डा होत चालली आहे, असे एका सहकाऱ्याने डिवचले तेव्हा ‘कवी होण्यापेक्षा बुकी परवडला’ अशा अर्थाचे उत्तर केंट यांनी दिले; मूळ उत्तरात एक शिवीही होती. तरी दीर्घकाळ कवींचीच सरशी झाली. टक्क्यांसह शब्दांची पट्टी अमेरिकी गुप्तचर निर्देशात आली ती २०१५ मध्ये.

मधल्या काळात किंमत मोजली गेली नाही असे नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये क्यूबावर निर्वासितांची फौज उतरवण्याच्या योजनेबद्दल संयुक्त सेनाप्रमुखांनी मत दिले, तेव्हा तिला यशाचा ‘फेअर चान्स’ आहे असे लिहिले. मसुद्याशी संबंधित ब्रिगेडियर जनरल डेव्हिड ग्रे यांनी नंतर सांगितले की त्यांच्या मनात ३० विरुद्ध ७० होते, म्हणजे अपयशाचाच संभव जास्त. ‘फेअर’ हा शब्द वाचणाऱ्याला ‘बरा’, ‘चांगला’ असा लागतो. १७ एप्रिलला सुमारे १,४०० माणसे पिग्जच्या उपसागरात उतरली आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली.

एकच ‘लाइकली’, पाच मापे

आज प्रमाणित पट्ट्या पुष्कळ आहेत, आणि अडचण आता वेगळ्या जागी गेली आहे. ‘लाइकली’ हा एकच शब्द घ्या. केंट यांच्या हिशेबाने तो ६३ ते ८७. अमेरिकी गुप्तचर निर्देशात ५५ ते ८०. ब्रिटिश पट्टीत ५५ ते ७५. तिथे गटांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत, म्हणजे सीमेवरच्या एका टक्क्यावरून वाद होऊ नये. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांत ६६ ते १००. तिथे ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००, म्हणजे ते ‘लाइकली’च्या पोटातच येते.

आणि भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी पत्रकाखालची सूची पाहिली तर ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के. ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर.

म्हणजे पुण्यातला वाचक सकाळी पावसाच्या इशाऱ्यात ‘लाइकली’ वाचतो, तेव्हा ती गोष्ट न होण्याचा संभव निम्म्याहून जास्त असतो; संध्याकाळी हवामानबदलाच्या अहवालात तोच शब्द वाचतो, तेव्हा होण्याचा संभव किमान दोनतृतीयांश. मराठी बातमीत दोन्हीकडे ‘शक्यता’ छापले जाते. त्यावर कोणी ‘दाट’ लावतो, कोणी नाही, आणि ‘दाट’ला कुठलीच सूची नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हा तर आपला घरचा ‘सीरियस पॉसिबिलिटी’. नाकारता येत नाही म्हणजे शून्य नाही, बस. अनुवाद करणाऱ्याने निदान ‘मोस्ट लाइकली’ आणि ‘लाइकली’ यांना एकाच ‘शक्यते’त बसवू नये, आणि जागा असेल तिथे टक्के तसेच उतरवावेत.

हवामान पत्रकात आणखी एक जागा चकवते. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ या वाक्यात तीन पट्ट्या आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘शक्यता’ हा तिसरा, स्वतंत्र आकडा. आपल्या गावात पाऊस झाला नाही म्हणून अंदाज चुकला असे म्हणणारा माणूस पहिली पट्टी विसरलेला असतो. एक गोष्ट मात्र या पत्रकांत १९५१ च्या वाक्यापेक्षा स्वच्छ आहे. रंगांचे इशारे ठरवताना घटनेची संभाव्यता आणि तिचा परिणाम हे दोन वेगळ्या अक्षांवर मांडतात आणि मग रंग काढतात. ‘सीरियस’ने जे एकात घातले होते, ते इथे आधी वेगळे केलेले असते.

तेच वाक्य पुन्हा लिहायचे तर

पहिले काम घटना पक्की करण्याचे. ‘हल्ला’ म्हणजे काय? सीमेवरची चकमक, घुसखोरी, की नियमित सैन्याने सीमा ओलांडणे? मुदत कोणती? ‘१९५१ मध्ये’ हे मार्चमध्ये लिहिताना नऊ महिने उरतात. ३१ डिसेंबर हा दिवस लिहून टाकावा. बोर्डातल्या मतभेदाचा काही भाग इथेच असू शकतो, दोन माणसे दोन वेगळ्या घटनांना आकडे देत असतील.

नंतर प्रत्येकाने चर्चेपूर्वी आपापला आकडा कागदावर लिहावा. चर्चेनंतर नको, वरिष्ठ आधी बोलला की बाकीचे आकडे त्याच्याकडे सरकतात. केंट यांनी हे केले, पण अंदाज वाटून झाल्यावर. आकडे जवळपास असतील तर मधला घ्यावा. २० ते ८० असे पसरले असतील तर सरासरी काढून ५० लिहिणे ही सगळ्यात वाईट वाट, कारण तो आकडा कदाचित कोणाचाच नसतो. अशा वेळी दोन्ही बाजूंची कारणे लिहावीत. राष्ट्रीय अंदाजांत मतभेद तळटीपेत नोंदवण्याची प्रथा होतीच. तिचा उपयोग झाला नाही, कारण मतभेद आहे हेच कोणाला दिसले नाही.

मग शब्द, आणि त्याच वाक्यात आकडा. सूची परिशिष्टात ठेवून भागत नाही. डेव्हिड बुडेस्कू हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानबदल अहवालांतली वाक्ये लोकांना वाचायला देऊन तपासले आहे. सूची हाताशी असूनही लोक ‘व्हेरी लाइकली’ला ९० च्या बरेच खाली ओढतात आणि सगळेच शब्द ५० कडे सरकवतात. शब्दाशेजारी टक्के छापले की वाचन सूचीच्या जवळ येते.

खात्री वेगळी सांगावी. ‘संभाव्यता ६० टक्के’ आणि ‘हा आकडा कितपत भक्कम पुराव्यावर उभा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. नाणे उडवल्यावर छापा पडण्याची संभाव्यता ५० टक्के आणि खात्री पूर्ण. क्रेमलिनच्या मनातले ५० टक्के आणि खात्री जेमतेम.

असे केल्यावर वाक्य साधारण असे होते: ‘३१ डिसेंबर १९५१ पूर्वी सोव्हिएत किंवा त्यांच्या गोटातल्या देशांचे नियमित सैन्य युगोस्लाव्हियाची सीमा ओलांडेल याची संभाव्यता आम्ही ५५ ते ६५ टक्के धरतो. मंडळातल्या दोन सदस्यांच्या मते ती २० ते ३० टक्के आहे. सैन्याची जमवाजमव दबावासाठी आहे असे ते मानतात. क्रेमलिनच्या हेतूबद्दल थेट पुरावा नसल्याने खात्री कमी.’ आकडे आणि सदस्यसंख्या नमुन्यादाखल. वाक्य लांबले, देखणेही राहिले नाही, पण वाचणारा आता प्रश्न विचारू शकतो: ते दोघे काय पाहताहेत जे बाकीच्यांना दिसत नाही?

आकड्यांवरचे आक्षेप

टक्के दिले की मोजून काढल्याचा भास होतो, हा कवींचा आक्षेप पोकळ नाही. त्यावर उपाय आकडा लपवणे नसून पल्ला देणे हा आहे. दुसरा आक्षेप असा की, माणूस एवढ्या बारकाईने भेद करूच शकत नाही, पाच-सात शब्द पुरेत. एका भूराजकीय अंदाज स्पर्धेतल्या ८,८८,३२८ अंदाजांवर जेफ्री फ्रीडमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. टक्के शब्दांच्या गटांत गोल केले की अचूकता सातत्याने घटते, आणि कसलेल्या अंदाजकर्त्यांचे नुकसान सगळ्यात जास्त होते. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण तक्ता वापरला म्हणून निष्कर्ष बरोबर येतो, असेही नाही. १९ सप्टेंबर १९६२ च्या विशेष अंदाजात केंट यांच्याच कचेरीने सोव्हिएत संघ क्यूबात हल्ल्याची क्षेपणास्त्रे ठेवणार नाही या बाजूला कौल दिला. १४ ऑक्टोबरला यू-२ या टेहळणी विमानाने त्यांची छायाचित्रे आणली. शब्द नीट होता, अंदाज चुकला. हे दोन दोष वेगळे ओळखावे लागतात. भाषा सुधारून पुराव्याचे दारिद्र्य जात नाही.

२०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या घरात बिन लादेन आहे का, यावर ओबामांसमोर आकडेच आले, ४० पासून ९५ टक्क्यांपर्यंत. ओबामांनी शेवटी ते ‘फिफ्टी-फिफ्टी’ धरले. पुष्कळ जण हे उदाहरण आकड्यांच्या विरोधात देतात. आम्हाला ते उलटे दिसते. १९५१ मध्ये असाच पसारा होता, पण तो दोन शब्दांखाली झाकला गेला आणि निर्णय घेणाऱ्यांना गप्पांतून कळला. २०११ मध्ये तो निर्णयापूर्वी टेबलावर होता.

युगोस्लाव्हियावर १९५१ मध्ये आक्रमण झाले नाही. म्हणून २० वाला बरोबर आणि ६५ वाले केंट चूक, असे एका घटनेवरून म्हणता येत नाही. ६५ टक्के म्हणणारा माणूस ३५ टक्के वेळा ‘नाही’चीच अपेक्षा ठेवत असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल (झाले तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाला त्यानेच गुणण्याच्या रूढ पद्धतीने केंट यांच्या खाती ०.४२ गुण लागतात आणि २० वाल्याच्या खाती ०.०४, कमी ते चांगले. असे वीस अंदाज ६५ टक्क्यांचे साठले आणि त्यांतले तेराच्या आसपास खरे ठरले, तर केंट यांचे माप ठीक होते असे म्हणता येईल. सात-आठच खरे ठरले तर ते सवयीने वर धरतात. ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असे लिहिलेल्या वीस अंदाजांवर हा हिशेब मांडायला घेतला, तर पहिल्याच रकान्यात काय लिहायचे हे कळत नाही.